धनी बरोबर असता

शास्त्रवाचन : निर्गम २२:१४-१५, २ राजे ६:१-७



मोशेच्या नियमशास्त्रात उसन्या वस्तूविषयी एक लहानसा नियम आहे. तो आपण बहुधा न थांबता वाचून पुढे जातो. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या जनावराला इजा झाली किंवा ते मेले, आणि त्या वेळी त्याचा धनी जवळ नसला, तर आणणाऱ्याने भरपाई करावी. परंतु धनी बरोबर असला तर भरपाई नाही. बैल तोच, नुकसानही तेच. देणारा दावे हाती देऊन घरी बसला की बैलाबरोबर शेतावर आला, एवढ्यावर सारा हिशेब बदलतो.

आज आपल्या घरांत बैल नाहीत. लॅपटॉप आहे, कॅमेरा आहे, दम्याच्या रोग्याचा नेब्युलायझर आहे, वीज गेली असता फोन चालू ठेवणारी पॉवर बँक आहे. ह्या वस्तू पिशवीत मावतात, म्हणून सहज मागितल्या जातात. शेजाऱ्याने मागितली तर आपण देऊन विसरतो. परंतु जावयाचा लॅपटॉप मेहुण्याने नेला, सुनेची वस्तू नणंदेने नेली, की मनातील वही उघडते. लग्नातील आहेराची वही आपण जपून ठेवतो ना, तिचीच ही पुढची पाने!

ह्याविषयी इतरांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही. आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

२०२१ चा एप्रिल महिना. दिल्लीत १९ तारखेच्या रात्री टाळेबंदी सुरू झाली. रुग्णालयांत खाटा मिळेनात. प्राणवायूच्या टाकीसाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे राहत. आम्ही मयूर विहारला राहतो. माझ्या पत्नीला ज्वर आला आणि काही दिवसांनी बोटावरील ऑक्सिमीटरने ८९ हा आकडा दाखविला. खाट मिळेपर्यंत घरीच प्राणवायू द्या, असे डॉक्टरांनी फोनवर सांगितले. आमच्या व्याह्यांकडे, द्वारकेला, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता. हे यंत्र खोलीतील हवाच आत ओढते, तिच्यातील नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजात अडवून धरते आणि उरलेला प्राणवायू नळीने रोग्याच्या नाकाशी पोहोचविते. टाकी भरून आणण्याची यातायात नाही; वीज असली की झाले. व्याह्यांनी ते आपल्या जुन्या फुफ्फुसविकारासाठी आदल्या वर्षी घेतले होते. मला हे ठाऊक होते. तरी मी फोन केला नाही.

गाझियाबादजवळ इंदिरापुरमच्या गुरुद्वाऱ्यात त्या दिवसांत शीख बांधवांनी प्राणवायूचा लंगर चालविला होता. लोक मोटारीत, रिक्षात बसल्या बसल्या नळी लावून घेत. तेथे जाऊन उभे राहण्याची माझी तयारी होती. अनोळखी माणसापुढे हात पसरताना मला लाज वाटली नसती. मुलीच्या सासरी पसरावयास वाटली. लेकीच्या घरचे पाणीही पिऊ नये, ही वाडवडिलांची समजूत बाप्तिस्म्याच्या पाण्याने माझ्यातून धुऊन गेली नव्हती. शिवाय लग्नात मानपानावरून मीच दोन शब्द अधिक बोललो होतो. एक दिवस आणि एक रात्र मी ती वही उशाशी घेऊन बसलो, आणि पलीकडच्या खोलीत माझी पत्नी धापा टाकीत होती.

यार्देनेच्या काठी लाकडे तोडताना ज्याच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडले, तो संदेष्ट्यांचा शिष्य माझ्याहून बरा. वस्तू उसनी आहे म्हणून तो कळवळला खरा, पण निदान त्याने ती मागितली तरी होती. ह्याच कथेत आणखी एक गोष्ट आहे. निघण्यापूर्वी शिष्यांपैकी एकाने अलीशाला आपल्याबरोबर येण्याची विनंती केली, आणि तो गेला. तो बरोबर गेला होता म्हणूनच बुडालेले लोखंड तरंगले.

आमच्याकडची बातमी अखेर मुलीकडून सासरी कळली. दुसऱ्या दिवशी पहाटे व्याही स्वतः यंत्र घेऊन दारात उभे! जावयाला पाठविले असते तरी चालले असते. वयाने ते माझ्याहून वडील. दोन मुखपट्ट्या बांधून ते जिन्यातच थांबले आणि गाळणी कशी धुवावी, बाटलीत पाणी किती घालावे, हे मला दुरून समजाविले. पुढे रोज रात्री दहाला त्यांचा फोन येई, “भाऊसाहेब, आकडा किती?” त्या रात्री ते स्वतः उशांना टेकून बसून काढीत होते, हे आम्हांला फार उशिरा कळले.

पत्नीचा आकडा ९६ वर आला, आणि त्याच आठवड्यात विजेचा दाब एकाएकी वाढून यंत्र जळाले. मी किंमत देऊ केली. ते म्हणाले, “अहो, मी रोज तुमच्याबरोबरच होतो की!” निर्गमातील तो नियम त्यांच्या मनात होता की नाही, मी विचारले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वरपक्षाने मागून घेतलेला फ्रीज किंवा मोटारसायकल ह्याला मी सोयऱ्यांचे औदार्य म्हणत नाही. तो हुंडा होय. १९६१ पासून कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आपल्या मंडळ्यांतही तो “भेट” ह्या नावाने शिरतो. देणे सदा एकाच घरातून निघत असेल तर ते कर वसूल करण्यासारखे आहे. त्याच २०२१ च्या मे महिन्यात दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे एका ८५ वर्षांच्या गृहस्थाचे प्रकरण आले होते. परदेशातील नातलगाने त्यांना असेच यंत्र भेट पाठविले, आणि सरकारने त्यावर १२ टक्के कर मागितला. न्यायालयाने २१ मे रोजी तो कर घटनाबाह्य ठरविला. १ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. कायद्याचे काय ते न्यायाधीश जाणोत. आपण मात्र सोयऱ्याच्या प्रत्येक भेटीवर मनातल्या मनात किती टक्के लावतो?

ते यंत्र दुरुस्त झाले आणि तेव्हापासून दोन्ही घरांत फिरते आहे. एका नोव्हेंबरात दिल्लीवर धुरकट धुके दाटले आणि व्याह्यांना रात्री श्वास लागू लागला, तेव्हा ते आमच्याकडे होते. मुलगी म्हणाली, “बाबा, टॅक्सीत ठेवून पाठवा.” मी यंत्राच्या शेजारी टॅक्सीत बसलो. द्वारकेला पोहोचावयास त्या धुक्यात दोन तास लागले, आणि विहीणबाईंनी दार उघडण्यापूर्वीच चहाचे आधण ठेवलेले होते.