इंधन होते, पण पोहोचले नाही



आज आगमन काळाचा पहिला रविवार. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला नोहाच्या दिवसांची आठवण करून देतो. लोक खातपीत होते, लग्नकार्ये चालू होती. जलप्रलय दाराशी येईपर्यंत कोणालाच काही उमगले नाही. म्हणूनच प्रभू आपल्याला जागृत राहायला सांगतो.

२०१३ साली हा रविवार १ डिसेंबरला आला होता. त्याच्या दोनच दिवस आधी, शुक्रवार २९ नोव्हेंबरच्या रात्री, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात एक भीषण अपघात झाला. क्लाइड नदीजवळच्या ‘क्लूथा’ नावाच्या पबमध्ये लोक गाणे-बजावणे ऐकत बसले होते. एका खाजगी कंपनीमार्फत पोलिसांसाठी चालवले जाणारे हेलिकॉप्टर कामगिरीवरून परतत होते. त्याची दोन्ही इंजिने ३२ सेकंदांच्या अंतराने बंद पडली आणि ते पबच्या छपरावर कोसळले. हेलिकॉप्टरमधील ३ आणि पबमधील ७ अशी १० माणसे प्राणाला मुकली.

या अपघाताचा तपास अहवाल २०१५ साली आला. हेलिकॉप्टरमधील इंधन संपलेलेच नव्हते! मुख्य टाकीत ७६ किलो इंधन शिल्लक होते. पण इंजिने मुख्य टाकीतून थेट इंधन घेत नाहीत. पंप ते इंधन लहान टाक्यांत ढकलतात आणि तेथून ते इंजिनांना मिळते. त्या पंपांची बटणे बंद होती. लहान टाक्या कोरड्या पडत गेल्या. इंधन कमी असल्याचा इशारा पाच वेळा मिळाला, पाचही वेळा त्याची पोच दिली गेली. असा इशारा मिळाल्यावर दहा मिनिटांत उतरावे असा नियम होता. तरीही उड्डाण चालूच राहिले.

असे का झाले? त्या हेलिकॉप्टरमध्ये ब्लॅक बॉक्स नव्हता आणि सांगायला कोणी वाचले नाही. म्हणून आपण न्यायाधीश होऊ नये. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण ठार झाले, तेव्हा ते इतरांपेक्षा अधिक पापी होते, हा समज प्रभूने खोडून काढला. त्याने ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवले. आपणही स्वतःकडेच वळू या.

उड्डाणाच्या काही अवस्थांत ते पंप बंद करणे योग्यच असते. मात्र वेळ आली की ते पुन्हा चालू करावे लागतात. आपल्या जीवनातही असेच घडत नाही का? बाळ आजारी होते म्हणून रविवारची मिस्सा चुकली. त्यात गैर काहीच नव्हते. बाळ बरे झाले, शाळेत जाऊ लागले, पण आपले पाऊल चर्चकडे वळले नाही. बांधावरून भावाशी वाद झाला. राग शांत होईपर्यंत न बोलणे शहाणपणाचे होते. राग केव्हाच शांत झाला, अबोला मात्र राहिला. बाप्तिस्म्यात मिळालेली देवाची कृपा आटलेली नाही, टाकी भरलेली आहे. पण ती आपल्या घरापर्यंत, जिभेपर्यंत, हातांपर्यंत पोहोचत नाही.

आणि इशारे? ते तर आपल्याला मिळतातच. सदसद्विवेकबुद्धी टोचते, आजारपण येते, म्हातारी आई विचारते, “कधी येशील?” आपण “हो, हो” म्हणतो, इशारा ऐकल्याची पोच देतो आणि पुढे उडत राहतो. इशारा ऐकणे म्हणजे जागृत असणे नव्हे. जो ऐकून खाली उतरतो, तोच जागा.

त्या रात्री ग्लासगोमध्ये आणखी एक गोष्ट घडली. रस्त्याने जाणारी माणसे पळाली नाहीत. त्यांनी साखळी केली आणि जखमींना हातोहात बाहेर आणले. एकमेकांना अनोळखी असलेल्या त्या माणसांमधून देवाची दया अशी वाहिली.

नाताळला अजून अवधी आहे. या आठवड्यात आपण प्रत्येकाने आपले एक बंद बटण शोधू या. कोणी प्रायश्चित्त संस्कार घ्यावा, कोणी भावाच्या घराची पायरी चढावी, कोणी आईला भेटून यावे. उद्यावर टाकू नये, कारण मनुष्याचा पुत्र कोणत्या घटकेस येईल हे आपल्याला ठाऊक नाही.

त्या १० जणांच्या आत्म्यांना प्रभू चिरशांती देवो आणि आपल्याला जागे ठेवो. आमेन.