पन्नास केबीचा फोटो

तालुक्याच्या कोर्टासमोर एका काकांचं झेरॉक्सचं दुकान होतं. २००२ साली केलेल्या एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र गल्ल्यामागे अजून टांगलेलं. ऑनलाइन अर्जांचा हंगाम आला की पोरांची रांग लागायची. अर्जाला फोटो हवा ५० केबीच्या आत, आणि मोबाइलमधला निघायचा तीन-चार एमबीचा.

"फाईल कुठाय?"

"व्हॉट्सॲपवर."

"अरे, पण फोनमध्ये कुठं?"

पोरगं गॅलरी दाखवायचं. काका रांगेला ऐकू जाईल असं म्हणायचे, "रील बनवायला हुशार! आमच्या फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. काय कुठं ठेवलंय, पाठ असायचं." मग स्क्रीन स्वतःकडे वळवून चार क्लिक. वीस रुपये.

पोरांना पाठ असणार तरी कसं? २००७ साली पहिला आयफोन आला, पण त्यावर फाईल्स नावाचं ॲप यायला २०१७ उजाडलं. फाईल कुठं असते ते यंत्रानं झाकलं आणि काकांनी स्क्रीन वळवली.

एका दुपारी बारावी झालेली एक मुलगी आली. वीसची नोट ठेवत म्हणाली, "काका, स्क्रीन इकडे करा ना."

"तुला कामाशी मतलब."

"पण फोटो तर एवढासा दिसतोय. मग जड कसा?"

काकांचा हात माउसवरच थांबला. असं कुणी विचारलंच नव्हतं. "ठिपके असतात गं. आडवे चार हजार, उभे तीन हजार. झाले एक कोटी वीस लाख! अर्जाला आडवे-उभे काही शेच पुरतात."

"मग कमी करू या की."

त्यांनी पेंट उघडलं, रिसाइझ दाखवलं आणि माउस तिच्या हातात दिला. पहिल्या खेपेला तिनं इतके ठिपके उडवले की नाक-डोळे एक झाले. दुसऱ्या खेपेला ३८ केबी. "आता सेव्ह ॲज. नाव नीट दे, आणि कुठल्या फोल्डरात जातंय ते बघ."

चार दिवसांत तिच्या मैत्रिणी कॉलेजच्या लॅबमध्ये आपापले फोटो करू लागल्या. रांग आटली. शेजारचा चहावाला म्हणाला, "स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात." काकांनाही ते पटलं. ज्या अडाणीपणाला ते रोज हसायचे, त्यावरच गल्ला भरत होता, हे त्यांना नोटा मोजताना कळलं. आनंद काही झाला नाही.

आठवड्यानं ती पुन्हा आली. या वेळी जातीचा दाखला, पीडीएफ.

"पीडीएफ लहान करायचे तीस रुपये," काका आधीच म्हणाले.

"आणि शिकवायचे?"

त्याचा दर काकांनी कधी ठरवलाच नव्हता.