विंचरणारा देव

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडचं बेळगाव या पट्ट्यात एखाद्या मुलीच्या डोक्यात न सुटणारा गुंता सापडला, की घरातली मोठी बाई तो बोटांनी चाचपून बघते. तेलाचा हात लावून तो सोडवायचा, की त्यावर हळद-कुंकू वाहायचं, हे तिथल्या तिथे ठरतं. हळद-कुंकू वाहिलं की गुंत्याची जट होते. मग फणी बंद, डोक्यावरून न्हाणं बंद, कात्रीचं तर नावच काढायचं नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीनं मुलगी मागितली, असा त्याचा अर्थ लावला जातो. एकेकाळी अशी मुलगी थेट देवीला सोडली जाई, म्हणजे देवदासी केली जाई. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ या कादंबरीनं हे जग मराठी वाचकांसमोर ठेवलं. २००९ साली आलेल्या ‘जोगवा’ या चित्रपटातल्या सुलीची फरफटही डोक्यातल्या जटेपासूनच सुरू होते.

देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली. मुलगी सोडण्याला त्यानं बराच आळा बसला. जटेचं भय मात्र कायद्याच्या कागदानं जाणारं नव्हतं. पुण्यासारख्या शहरातही मानेवर किलोकिलोचं ओझं घेऊन जगणाऱ्या बायका आजही भेटतात. म्हणून प्रश्न धर्माच्याच अंगणात उभं राहून विचारायला हवा. देवाला माणसाचं शरीर कसं हवं असतं, जपलेलं की टाकून दिलेलं?

आधी जट होते कशी ते बघू. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असतं ते त्वचेतलं त्याचं मूळ. तो महिन्याला सुमारे सेंटिमीटरभर वाढतो, काही वर्षं वाढून गळतो. रोज पन्नास ते शंभर केस असे गळणं स्वाभाविक आहे. विंचरताना ते फणीत येतात आणि त्यांचं गुंतवळ होतं. ‘केसांवर फुगे’ अशी आरोळी देत गल्लीबोळांतून फिरणारे विक्रेते गोळा करतात ते हेच. फणी फिरली नाही, तर गळालेला केस डोक्यातच राहतो आणि शेजारच्या केसांना विळखा घालतो. प्रत्येक केसावर एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. कपड्याच्या क्षारयुक्त साबणानं डोकं धुतलं तर ते उचकटतात आणि एकमेकांत अडकतात. त्यात घाम, तेल, धूळ आणि वर वाहिलेला भंडारा. लोकर मळून घोंगडं घट्ट करावं तसा तो गुंता दिवसेंदिवस दाट होतो. बाळंतपण, लांबलेला ताप, घरातला मृत्यू, मनाचं खचणं, अशा ज्या काळात बाईला स्वतःकडे बघायला सवड नसते किंवा उमेद नसते, नेमक्या त्या काळात जट धरते. आतल्या त्वचेला वारा लागत नाही. खाज सुटते, उवा होतात, जखमा चिघळतात, वास येतो. कुशीवर झोपणंसुद्धा अवघड होतं.

वैद्यकशास्त्रात जटेला ‘प्लायका पोलोनिका’ म्हणतात, कारण युरोपात पोलंड या विकारासाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या शेतकऱ्यांचीही श्रद्धा होती की जट शरीरातलं आजारपण बाहेर ओढून घेते. ती कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला क्राको शहरातले डॉक्टर योझेफ डीट्ल यांनी या समजुतीविरुद्ध मोहीम उघडली. हे अस्वच्छतेतून होतं आणि कापल्यानं काहीही बिघडत नाही, असं ते सांगत राहिले. पुढे ते त्या शहराचे महापौर झाले. पोलंडमध्ये यल्लम्मा नव्हती. तरी जट तशीच, तिच्याभोवतीचं भयही तसंच. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली तरी जटेतलं दैवत गळून पडतं आणि उरतो तो न विंचरलेला केस.

यावर श्रद्धाळू माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. अमक्या बाईनं जट कापली आणि वर्षाच्या आत तिचा नवरा गेला. पण कोणत्या घरात वर्षभरात काहीच घडत नाही? म्हैस आटते, पोरगं नापास होतं, म्हातारं माणूस जातं. जट डोक्यावर असतानाही हे सगळं घडतच होतं. तेव्हा त्याचं खापर जटेवर कोणी फोडलं नाही. देवीच्या नावावर जमा होतो तो फक्त कोप.

आणि देव म्हणजे कोपच, असं मराठी माणसाला शिकवलं कोणी? वारकरी परंपरेनं तर नक्कीच नाही. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. दळण, कांडण, झाडलोट, शेणी थापणं हे तिचं आयुष्य. तिच्या एका अभंगात डोक्यातल्या उवांनी ती बेजार होते, आणि पंढरीचा देव आई होऊन तिच्या मागे बसतो. तिचे बांधलेले केस सोडणं, उवा वेचणं, फणी घेऊन गुंता मोकळा करणं ही सगळी कामं तो स्वतःच्या हातानं करतो. दुसरीकडे ती न्हायला बसते, तर विसणाचं पाणी तो आणून देतो. हे चित्र सातशे वर्षं मराठी बायका ओव्यांतून, अभंगांतून जपत आल्या आहेत. त्याचं धाडस आज आपल्याला जाणवत नाही. जिच्याकडे घरातलंही कोणी बघत नव्हतं, त्या दासीच्या डोक्यातली घाण देवानं काढली, आणि त्यात त्याचं देवपण उणावलं नाही. भक्तीची खूण म्हणून त्यानं तिच्याकडे मळ मागितला नाही. मळ काढून दिला. जटाधारी होऊन, राख फासून देव भेटत नाही, हे तुकोबांनीही स्पष्ट सुनावलं आहे.

मग शंकराच्या जटा, कुंभमेळ्यातल्या साधूंच्या जटा यांचं काय? त्यांचा मान वेगळा, कारण तो त्याग निवडलेला असतो. साधू घर सोडतो, नाव सोडतो, त्याबरोबर केसांची निगा सोडतो. बारा वर्षांच्या मुलीनं काय निवडलेलं असतं? ज्या समाजानं पाप केसांत वस्तीला येतं असं मानून विधवेचं डोकं भादरलं, त्याच समाजानं दुसऱ्या बाईच्या डोक्यावर जट वाढवली. एकीचे केस कापायचे, दुसरीचे कापायचे नाहीत, आणि दोघींनाही विचारायचं नाही. शरीर देवाला वाहण्यात पुण्य असेलही, पण ते ज्याचं त्यानं वाहिलं तर.

इथे एक अवघड सत्य मान्य करायला हवं. जट आली की बाईला मान मिळतो. दारू पिऊन मारणारा नवरा हात आवरतो, सासू पाया पडते, मंगळवार-शुक्रवारी बायका ओटी भरायला येतात. ज्या घरात माणूस म्हणून किंमत नव्हती, तिथे देवीचं झाड, म्हणजे देवी संचारलेली बाई, म्हणून ती मिळते. त्यामुळे नुसती कात्री घेऊन जाणं पुरत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना हे पक्कं ठाऊक आहे. त्यांच्यापैकी पुण्याच्या नंदिनी जाधव मूळच्या पार्लर चालवणाऱ्या. त्यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा कापल्या आहेत, आणि बाईची समजूत पटल्याशिवाय, तिची संमती मिळाल्याशिवाय कात्री चालत नाही. केसांची कारागिरी जाणणाऱ्या बाईनं हे काम हाती घ्यावं, यात फार मोठं औचित्य आहे. हा श्रद्धेत हस्तक्षेप आहे, असं म्हणणाऱ्यांनी राज्यघटनेचं पंचविसावं कलम वाचावं. धर्मस्वातंत्र्य देतानाच ते आरोग्याची अट घालतं.

जट उतरल्यावर पहिलं काम असतं डोकं धुण्याचं, आणि इथे शुद्धतेची दुसरी अंधश्रद्धा आडवी येते. शिकेकाई सात्त्विक, शाम्पू म्हणजे ‘केमिकल’ असं सर्रास बोललं जातं, आणि बाजार त्याच भावनेवर बाटल्या विकतो. वस्तुतः शिकेकाई आणि रिठ्यातलं फेस करणारं सॅपोनिन आणि शाम्पूतलं सल्फेट एकाच तऱ्हेनं काम करतात. त्यांच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि मळ निघून जातो. फरक तीव्रतेचा आहे, पावित्र्याचा नाही.

निवड करायची ती टाळूकडे बघून. शाम्पू टाळूसाठी असतो. टाळू तेलकट असेल तर तो वरचेवर लावावा. कोरडी असेल तर सौम्य शाम्पू, तोही कमी वेळा. कोंडा होतो तो बहुधा मॅलेसेझिया नावाच्या बुरशीमुळे. त्यावर कीटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑनचा शाम्पू लावून तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा असतो. लगेच धुतला तर पैसे वाया. उवा साध्या शाम्पूनं मरत नाहीत. त्यांना परमेथ्रिनचं औषध, बारीक दातांची फणी आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच औषध लागतं. अपाय करणारा खरा पदार्थ म्हणजे कपड्याचा साबण. बोअरच्या जड पाण्यात त्याचा पांढरा थर केसांवर बसतो, आणि गुंता तिथूनच वाढतो.

कंडिशनर ही चैन आहे असं मानलं जातं. गुंत्याच्या बाबतीत मात्र तोच सर्वांत कामाचा. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधले घटक धन भाराचे असतात, म्हणून ते केसाला चिकटून राहतात, खवले बसवतात आणि घर्षण कमी करतात. तो टाळूला चोळायचा नाही. मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावायचा. गुंता ताजा असेल तर भरपूर कंडिशनर किंवा तेल लावून, मोठ्या दातांच्या फणीनं टोकाकडून वर येत तो बोटभर-बोटभर सोडवता येतो. मुळाकडून ओढलं तर तो आणखी आवळतो.

तेव्हा घरातल्या, शेजारच्या, आश्रमशाळेतल्या एखाद्या मुलीच्या डोक्यात गुंता दिसला, तर हळद-कुंकवाचा करंडा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी तिला फणी घेऊन पुढ्यात बसवा. गुंता घट्ट झाला असेल तर कापा. केस महिन्याला सेंटिमीटरभर परत वाढतात. टाळूवर जखम असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. घरचे घाबरत असतील तर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जवळच्या शाखेला बोलवा. ते येतात, आणि समजूत पटेपर्यंत पुन्हा पुन्हा येतात.