दंड नसलेली पाटी

सिंगापूरला गेलेला पाहुणा पाट्या वाचत वाचतच शहर पाहतो. १९८७ साली सुरू झालेल्या तिथल्या एमआरटी रेल्वेत तर चित्रांची रांगच लागलेली असते. धूम्रपान केल्यास १,००० सिंगापूर डॉलर दंड, खाल्ल्या-प्यायल्यास ५००, ज्वालाग्राही पदार्थ आणल्यास ५,०००. त्यांच्याच शेजारी एक काटेरी फळ आणि त्यावर लाल रेघ: ड्युरियन आणू नका! परदेशी पाहुणे इथे हमखास हसतात, फोटो काढतात. त्या फळाखाली दंडाचा आकडाच नाही, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मला त्या रांगेतली हीच पाटी सर्वांत मोलाची वाटते.

ड्युरियन बाहेरून आपल्या फणसासारखे काटेरी, आत लोण्यासारखा मऊ गर. वास इतका उग्र, की बंद डब्यात तो लवकर विरत नाही. तरी लोकांचा त्यावर भारी जीव. हंगामात लोक रस्त्याकडेच्या स्टॉलवर बसून ते चवीने खातात. काटेरी छपरांच्या एस्प्लनेड या कलासंकुलालाही लोक ड्युरियनच म्हणतात.

१९९२ मध्ये सिंगापुरात च्युइंगगमच्या विक्रीवर बंदी आली, कारण दारांच्या सेन्सरवर गम चिकटवल्याने गाड्या खोळंबत. तिथे नुकसान उघड दिसत होते, म्हणून कायदा पुढे आला. धूर, आग, कचरा यांचेही तसेच. ड्युरियनने मात्र कोणाचे काही बिघडत नाही. फळ चांगले, ते आणणाराही सज्जन. तरीही शेजारच्या प्रवाशाला नाक बंद करून बसता येत नाही आणि धावत्या गाडीतून उतरताही येत नाही. म्हणून ते फळ घरी खावे, एवढेच ती पाटी सांगते.

वाईट गोष्ट सोडणे ही नीतीची पहिली पायरी. स्वतःला प्रिय असलेली, निर्दोष गोष्टसुद्धा दुसऱ्यासाठी आवरणे ही पुढची आणि अधिक अवघड पायरी. कारण तिथे आपले मन लगेच म्हणते, ‘मी काय वाईट करतोय?’ लोकलच्या डब्यात मोबाइलवर मोठ्याने लावलेले भक्तिगीत, उत्सवात रात्री उशिरापर्यंत चालणारा ध्वनिक्षेपक, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात रंगलेल्या गप्पा: यांत कोणाचाच हेतू वाईट नसतो. पण ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याची सोय आपण ठेवलेली नसते.

दंडांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सिंगापूरलाही १९७९ मध्ये सौजन्याची राष्ट्रीय मोहीम सुरू करावी लागली. दंडाच्या धाकाने माणूस नियम पाळतो. शेजाऱ्याची जाण मात्र त्याला मनातूनच यावी लागते. या आठवड्यात आपल्या आवडीची एखादी गोष्ट चारचौघांत करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारू या: शेजारच्याला ही नको असेल, तर त्याला बाजूला व्हायला जागा आहे का? नसेल, तर ती आवरण्याची जबाबदारी आपली आहे.