पन्हळीचे पाणी कोणाचे?

घराच्या पन्हळीतून पडलेले पाणी अंगणाबाहेर गेले की ते आपले राहत नाही, अशी आपणां सर्वांची समजूत असते. व्यवहाराच्या दृष्टीने ती कदाचित खरीही असेल. धर्माच्या दृष्टीने ती खरी आहे काय, याचा विचार इंदूरकरांनी तरी अवश्य करावयास हवा. कारण आपल्या गावचे पाणी कोठे जाते हे आपणांस पक्के ठाऊक आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून वाहणारी कान्ह उत्तरेस जाऊन उज्जयिनीच्या वरच्या अंगास त्रिवेणीवर शिप्रेस मिळते. ज्या शिप्रेत आपण पर्वकाळी स्नान करतो, तिच्यात आपलेच पाणी आपणांस पुन्हा भेटते.

इंदूरच्या नगर निगमाने या बाबतीत केलेला उद्योग लहान नव्हे. शहरातील २५ लहानमोठ्या नाल्यांची पाहणी करून कान्ह व सरस्वती या नद्यांत उघडपणे सुटणारी सांडपाण्याची १,७४६ सार्वजनिक व ५,६२४ घरगुती तोंडे अडविण्यात आली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूरला देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर म्हणून मान मिळाला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. तथापि दुसरा आकडा जरा थांबून वाचावा. ती तोंडे कोणा परक्याची नव्हती. तुमच्याआमच्यासारख्या गृहस्थांच्या घरांचीच होती.

पावसाच्या पाण्याचा प्रश्न मात्र याहून बिकट आहे. सांडपाण्याचे तोंड शोधून बुजविता येते. पावसाच्या पाण्याला एक तोंडच नसते. मातीचे अंगण पाऊस पिते. त्यावर फरशी घातली की तेच पाणी धावत सुटते आणि रस्त्यावरचे तेल, धूळ, प्लास्टिक, आणि (सांगावयास संकोच वाटतो) देवाचे निर्माल्यही नाल्यात लोटून देते. अंगण फरसबंद करणाऱ्याने पाप केले असे कोण म्हणेल? तरी अशा हजारो अंगणांचे पाणी मिळूनच नाल्यास पूर येतो. जेथे अपराधी म्हणून कोणा एकाकडे बोट दाखविता येत नाही, तेथे दंडाचा उपाय लंगडा पडतो. मग 'कर भरला, आता निगमाने पाहावे' हे आपले ठरलेले उत्तर पुढे येते. पण कर हा नाला साफ करण्याच्या मजुरीचा वाटा आहे. घाण करण्याचा परवाना नव्हे.

२०१६ च्या सिंहस्थासाठी कान्हेचे पाणी नळाने रामघाट चुकवून कालियादहाकडे सोडण्याची योजना झाली. स्नान करणाऱ्यांची सोय झाली, हे योग्यच. परंतु घाटाखालीही शिप्रा वाहते, महिदपुराकडे जाते, आणि त्या तीरावरही गावे आहेत. यात्रेकरूस निर्मळ पाणी मिळावे आणि खालच्या शेतकऱ्यास मिळू नये, हे कोणत्या न्यायाने?

आता २०२८ च्या सिंहस्थासाठी याहून मोठा बंदिस्त कालवा हाती घेण्यात आला आहे. अंगणातील फरशीचा एक कोपरा उकलून, तेथे विटांचे तुकडे व वाळू भरलेला शोषखड्डा करून त्यात छपराचे पाणी सोडण्यास मात्र कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.