आधी गुडघे टेक

बस इथे. टॉवेल खांद्यावर घे आणि ऐक. मी बोलून होईपर्यंत मधे तोंड उघडायचं नाही.

सकाळपासून तू सतरा वेळा पाण्याखाली गेलास. सतराही वेळा मी कमरेभर पाण्यात उभा राहून तुझी कॅनो सरळ केली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उलटल्यावर बोटीत राहूनच परत वर यायचा रोल पहिल्या दिवशी कुणाचाच होत नाही आणि बोट सरळ करायला मी उभाच असतो. तक्रार आहे ती दर वेळी नाकातोंडातलं पाणी झटकून तू जे वाक्य बोललास त्याची. ‘सर, कयाकमध्ये तर माझा रोल कधी चुकत नाही.’ एकदाही ‘सर, काय चुकलं?’ असं तुझ्या तोंडून आलं नाही.

कयाकमध्ये तू चांगला आहेस हे मला ठाऊक आहे. ऋषिकेशला गंगेत तू तीन हंगाम काढलेस, मलबारच्या नद्यांवर भर पावसात उतरलास, आणि या कुंडलिकेच्या रॅपिडमध्ये तुला डोळे मिटून सोडलं तरी तू खाली सुखरूप पोचशील. म्हणूनच तुझ्याशी असं बोलतोय. नवशिक्या पोराला मी गोंजारून शिकवतो. त्याच्या अंगात काहीच मुरलेलं नसतं, म्हणून सांगितलेलं लगेच घेतो. तुझ्या अंगात कयाक मुरलेली आहे, आणि आज दिवसभर ती माझ्याशी भांडत होती.

पहिल्यांदा बोटीला नावं ठेवलीस. मग मांडीवरचे पट्टे सैल आहेत म्हणालास, ते आवळून दिले. मग वल्हं लांब आहे, बदलून दिलं. नाचता येईना अंगण वाकडं! त्याच बोटीत, त्याच वल्ह्याने मी तुझ्यासमोर तीनदा रोल करून दाखवला. तेव्हा तू माझ्या वल्ह्याकडे बघत होतास. माझ्या डोक्याकडे बघ, असं दोनदा ओरडून सांगितलं होतं.

कयाकमध्ये तू बसतोस. पाय पुढे, बूड तळाला, हातात दोन पात्यांचं वल्हं. डावीकडे गेलास तर डावं पातं आहे, उजवीकडे गेलास तर उजवं आहे. कॅनोत तू गुडघ्यांवर असतोस, वज्रासनात बसल्यासारखा, बुडाखाली फोमचा ठोकळा. म्हणजे सगळा भार कयाकपेक्षा वर गेला. हातात पातं एकच, दुसऱ्या टोकाला टी आकाराची मूठ. तू उजव्या बाजूने वल्हवतोस, म्हणजे डावीकडे तुझ्याकडे काही नाही. डावीकडे तोल गेला तर तिकडेच धडपडून परत यायचं नसतं. गेलास तर जा, खालून पूर्ण फिर आणि उजवीकडून वर ये. पाण्याने दिलेली गती वाया घालवू नकोस. हे मी सकाळी काठावरच्या वाळूत रेघा ओढून समजावलं. तू मान हलवलीस, आणि पाण्यात गेल्यावर ये रे माझ्या मागल्या.

आता तुझी खरी चूक सांगतो. मी तुझ्या शेजारीच उभा होतो, पाणी स्वच्छ होतं, सगळं दिसत होतं. पहिला अर्धा भाग तू बरा करतोस. पुढे वाकतोस, पातं उजवीकडे बाहेर काढतोस, पात्याच्या पोटाने पाणी दाबून अंग पृष्ठभागाजवळ आणतोस. कयाकचा रोल इथेच जवळजवळ झालेला असतो, म्हणून तू इथेच घाई करतोस. डोकं वर काढतोस, आभाळाकडे बघतोस, मागे झोपतोस आणि डावा हात कपाळापर्यंत उचलतोस. डावा हात वर गेला की पातं तिरकं होऊन खाली बुडतं. मग तुझ्या हाताखाली काही उरत नाही, आणि डोक्याच्या वजनाने तू परत खाली. सतरापैकी चौदा वेळा हेच झालं.

कॅनोचा रोल इथून पुढे सुरू होतो. अंग वर आलं की मनगटं फिरवायची आणि पात्याची पाठ पाण्यावर आणायची. दोन्ही मुठींची पेरं खाली. डावी मूठ बेंबीपाशी, तिथून हलू द्यायची नाही. वल्हं पाण्याला समांतर, उजवं कोपर वाकलेलं आणि अंगाजवळ. चेहरा नदीच्या तळाकडे. होय, तळाकडे, जीव वर यायला धडपडत असताना! मग उजवा गुडघा पट्ट्यात वर ओढायचा, भार डाव्या गुडघ्यावर न्यायचा, म्हणजे बोट तुझ्याखाली फिरते. आणि डोकं बोटीच्या काठावरून नाक घासत सगळ्यात शेवटी आत येतं. बोट आधी, डोकं नंतर. हाताने स्वतःला वर ढकलायचं नाही. हात फक्त पाण्यावर टेकू देतो, काम गुडघे करतात.

हे तुला अवघड का जातंय तेही मला कळतं. कयाकमध्येही डोकं शेवटीच यायला हवं. पण तिथे तुझं अंग दणकट आहे, वल्हं लांब आहे, मागे झोपायला जागा आहे, म्हणून डोकं लवकर काढूनही तुझं आजवर निभावलं. कॅनोने आज ती जुनी चूक उघडी पाडली इतकंच. कयाकमध्ये पक्का असलेला तुझा रोलसुद्धा तुला वाटतो तितका स्वच्छ नाही.

आणि खांद्याचं ऐक. मागे झोपून, हात लांब ताणून, पात्यावर सगळा भार टाकून वर यायचा तू प्रयत्न करतोस. या संथ पाण्यात त्याने फार तर पाठ दुखेल. रॅपिडमध्ये पाण्याने ते पातं ओढलं की खांदा निखळतो. तुझ्या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायची धास्ती कायम राहते. चांगला वल्हवणारा मुलगा तेवढ्यावरून नदी सोडून गेलेला मी पाहिला आहे. कोपर अंगाजवळ ठेव असं मी उगाच घसा कोरडा करून सांगत नाही.

तुला ग्रीनलंडच्या इनुइटांचं कौतुक आहे; तुझ्या हेल्मेटवर त्यांच्या कयाकचं चित्र आहे. ते लोक सील मारायला बर्फाळ समुद्रात जात, कातड्याचा अंगरखा बोटीच्या तोंडाला बांधून. बोटीबाहेर पडणं म्हणजे मरणच, म्हणून उलटल्यावर सरळ होणं त्यांना आलंच पाहिजे होतं. युरोपात ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटाने तो रोल साधला १९२७ साली. पण त्या शिकाऱ्यांकडे रोल एक नव्हता. वल्हं हातून गेलं तर वेगळा, हात दोरात अडकला तर वेगळा, नुसत्या हाताने वेगळा. प्रत्येक अडचणीसाठी निराळा रोल, आणि प्रत्येक निराळा शिकावा लागे. तू एका बोटीत एका प्रकारचा रोल शिकलास आणि ‘मला रोल येतो’ म्हणून जगभर सांगत फिरतोस.

जेवताना तू ऑलिंपिक खेळाडू जेसिका फॉक्सचं नाव घेतलंस. ती दोन्ही बोटी चालवते, मग मला का जमणार नाही, असं तुझं म्हणणं. जमेल, पण तिचा हिशेब नीट कर. २०१२ला लंडनमध्ये कयाकचं रौप्य, २०१६ला रिओत कांस्य. टोकियोत बायकांची कॅनो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली, तिथे तिने सुवर्ण घेतलं. कयाकमध्ये मात्र पुन्हा कांस्यच. कयाकचं सुवर्ण हाती यायला २०२४चं पॅरिस उजाडावं लागलं. बारा वर्षं! आई आणि वडील दोघेही याच खेळातले नामवंत असलेल्या मुलीला इतका वेळ लागला, आणि तुला एका सकाळीत कॅनो वश व्हायला हवी?

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. अकराव्या वेळी तू उलटलास तेव्हा बाहेर पडायचं ठरवलंस आणि तुझा उजवा पाय अडकला. तुझा हात पोटाशी चाचपडत होता. कयाकचं तोंड झाकणाऱ्या स्प्रे स्कर्टची दोरी शोधत होतास तू! या कॅनोला स्कर्ट नाही. उघडी बोट आहे, पुढे-मागे हवेच्या पिशव्या आहेत, आणि तुला धरून ठेवतात ते मांडीवरचे पट्टे. पट्टा सोडायचा, पाय मागे सरळ करायचे, मग अंग सुटतं. तुझ्या हाताला ते माहीतच नव्हतं, कारण सकाळी पट्टा सोडायचा सराव करायला सांगितला तेव्हा तू म्हणालास, ‘त्याची गरज नाही, मला बाहेर पडता येतं.’ मी तुझ्यावर विश्वास ठेवून पुढे गेलो, ती माझी चूक. तुला तिथेच थांबवायला हवं होतं. ती चूक दुसऱ्यांदा होणार नाही. मी बोट हाताने सरळ केली म्हणून तू आत्ता इथे चहा पितोयस. कुंडलिकेच्या मधोमध मी हाताच्या अंतरावर नसेन.

उद्या रॅपिडमध्ये उतरायचं तू ठरवून आला होतास. मुळशीचं पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथून सकाळी सुटलं की खाली नदी भरते, आणि मग ती कुणासाठी थांबत नाही. रोल जमला तरी उघडी कॅनो पाण्याने काठोकाठ भरलेली असते; त्या जड बोटीला वल्हवत काठच्या संथ एडीत नेऊन पाणी उपसायचं असतं, तेवढ्यात पुढची लाट अंगावर येते. त्या वेळी ‘कयाकमध्ये तर’ असं म्हणायला तुला कुणी सापडणार नाही.

तू हुशार आहेस, मेहनतीला मागे हटत नाहीस. सतरा वेळा उलटून अठराव्यांदा जायला तयार होतास, ते मी पाहिलं. तुझ्यासारखी मुलं कॅनोकडे वळावीत असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे कयाकवाले पुष्कळ आहेत, गुडघ्यांवर बसून नदी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून तुला सोडून देत नाही.

उद्या सकाळी साडेसहाला इथेच, याच संथ पाण्यात ये. कयाकचं वल्हं गाडीतसुद्धा आणू नकोस. पहिला तास रोल नाही. आधी उलटायचं, पट्टा सोडायचा, बाहेर यायचं. वीस वेळा, डोळे मिटून. मग डावी मूठ बेंबीशी धरून नुसता ब्रेस, म्हणजे उलटता-उलटता पात्याने सावरणं. हे माझ्या समाधानापुरतं होईपर्यंत तुझी कॅनो कुंडलिकेच्या रॅपिडमध्ये उतरणार नाही.