पडण्यासाठी निवांत जागा

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवीन काही शिकू नये, असं माझं अनेक वर्षांचं ठाम मत होतं. शिकायचंच झालं तर दार लावून शिकावं. पेटी शिकावी ती शेजारी गावाला गेल्यावर, आणि पोहणं शिकावं ते पहाटे पाच वाजता, जेव्हा तलावावर एकटा रखवालदार असतो आणि तोही झोपलेला असतो. अशा मताच्या माणसावर बर्फावरून घसरण्याचा, म्हणजे स्कीइंगचा, खेळ शिकायची पाळी यावी हा योगायोग नव्हे, ग्रहयोगच म्हटला पाहिजे.

झालं असं, की आमच्या एलएफसीचा ब्लॉक संपत आला होता. बँकेत नसलेल्या वाचकांसाठी सांगतो : एलएफसी म्हणजे सहकुटुंब प्रवासासाठी बँक देते ते भाडं. ते न जाता रोखही घेता येतं. पण रोख घेतल्याचं घरी कळलं तर पुढची चार वर्षं स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे आवाज ऐकत काढावी लागतात. सौ.ला बर्फ पाहायचा होता, चिरंजिवांना बर्फावरून घसरायचं होतं आणि मला बर्फाशी कसलाच संबंध नको होता. तीनापैकी दोन मतं एका बाजूला पडल्यावर लोकशाहीत जे होतं तेच झालं. अल्पमतातल्या माणसाकडे काम आलं. जागा मी निवडायची होती.

मी जाहीर केलं, "जागा नवशिक्यांना सोयीची हवी आणि निवांत हवी."

"निवांत कशाला?" हिने विचारलं.

"हवा शुद्ध असते," मी म्हणालो.

खरं कारण निराळं होतं. मला पडताना कोणी पाहायला नको होतं.

मी पडलो बी.कॉम. त्यामुळे एखाद्याने कर्जाचा अर्ज तपासावा तसा मी या विषयाला हात घातला. पुस्तकं चाळली, जाऊन आलेल्यांना गाठलं आणि कागदावर चार अटी लिहून काढल्या. पहिली अट, उतार मंद असावा. दुसरी, उताराच्या पायथ्याशी सपाट जागा असावी, म्हणजे थांबता न येणारा माणूस आपोआप थांबतो. तिसरी, पटाईत मंडळींची वाट वेगळी असावी; नाहीतर नवशिका मध्ये धडपडत असतो आणि मागून कोणीतरी बाणासारखा येतो. चौथी, शिकवणारा माणूस शांत डोक्याचा असावा. अमेरिकेत म्हणे उताराच्या पाटीवरच खुणा असतात. सोप्याला हिरवा गोल, मध्यमाला निळा चौकोन आणि अवघडाला काळी चौकट. पत्त्यांतली चौकट लाल असते. ही काळी का, ते उतरून गेलेल्यालाच कळत असणार.

मग नावं तपासायला घेतली. पहिलं अर्थात गुलमर्ग. सुमारे २,६५० मीटर उंची, १९२७ सालापासूनचा स्की क्लब, शिकवणारी सरकारी संस्था आणि अफरवाटच्या खांद्यावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेणारा गोंडोला. नवशिक्यांसाठी गोल्फच्या मैदानावरचे मंद उतारही आहेत. म्हणजे चारही अटी जमत होत्या. पण आमच्या कर्ज विभागातले एक गृहस्थ जाऊन आले होते. ते म्हणाले, "गोंडोलाच्या रांगेत आपल्याकडचे चार खातेदार भेटले." माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं : मी बर्फात उताणा, पाय आकाशात, आणि वरून एक ओळखीचा आवाज, "साहेब, माझ्या एफडीचं काय झालं?" गुलमर्गावर काट मारली.

दुसरं सोलंग. मनालीपासून जवळ, शिकवणीची सोय चांगली. पण २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून त्या रस्त्याला निवांतपणाशी काही घेणं उरलेलं नाही. त्यावरही काट.

तिसरं औली. गढवालमधलं. समोर नंदादेवी. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या होत्या, आणि नवशिक्यांचे सात नि चौदा दिवसांचे वर्गही तिथे भरत आले आहेत. माझं मन जवळजवळ ठरलं होतं. पण औलीच्या पायथ्याचं गाव जोशीमठ. २०२३च्या जानेवारीत तिथली जमीन खचू लागली, घरांच्या भिंतींना तडे गेले, माणसांना राहती घरं सोडावी लागली आणि औलीला नेणारा रोपवे बंद ठेवावा लागला. जिथे पायाखालची जमीनच घसरली, तिथे आपण पैसे भरून घसरायला जावं हे मनाला पटेना. आता, तिथल्या माणसांचं पोट पर्यटकांवर आहे हेही खरंच. त्यामुळे माझा निर्णय बरोबर होता की ती नुसती सोयीस्कर सहानुभूती होती, हे मला अजून कळलेलं नाही.

उरलं नारकंडा. शिमल्याच्या पुढे साठेक किलोमीटर, उंची सुमारे २,७०० मीटर, आजूबाजूला सफरचंदांच्या बागा, वर हाटू शिखर आणि एक छोटासा घसरण्याचा उतार. पटाईत माणूस तिथे फारसा फिरकत नाही, कारण त्याला तो उतार पुरत नाही. "तिथे काही नाही हो," असं मला तिघांनी सांगितलं. मी लगेच तिकिटं काढली.

या लपण्याच्या हौसेत मी एकटा नव्हे, हे वाचून जरा धीर आला होता. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल १८९४ साली स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला हा खेळ शिकले. त्यांच्याबरोबर होते तिथले ब्रँगर बंधू. या भावांनी स्की प्रथम पायाला बांधल्या तेव्हा गाव त्यांना हसत असे. म्हणून ते बिचारे अंधार पडल्यावर बाहेर पडून सराव करीत. पुढे त्याच भावांबरोबर डॉयलसाहेब डोंगराची खिंड ओलांडून पलीकडच्या आरोझाला पोचले, आणि घसरून घसरून विजारीची काय दशा झाली ते त्यांनी स्वतःच मासिकात लिहून टाकलं. म्हणजे शिकताना अंधार हवा आणि शिकून झाल्यावर मासिक हवं. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

तर आम्ही कालक्याहून १९०३ सालच्या त्या छोट्या रेल्वेने शिमला आणि पुढे टॅक्सीने नारकंडा गाठलं. सुदैवाने बर्फ पडलेला होता. हल्ली त्याचा भरवसा राहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या पंचविशीतल्या पोराने माझ्या पायात ते अवजड बूट घातले, बुटांना फळ्या जोडल्या आणि म्हणाला, "अंकलजी, आज चलना नहीं, गिरना सीखेंगे."

"ते मला येतं," मी मराठीत म्हणालो.

येत नव्हतं. पडण्याचं एक शास्त्र असतं. पुढे तोंडावर पडायचं नाही, मागे उताणंही पडायचं नाही. डोंगराच्या अंगाला, कुशीवर बसल्यासारखं पडायचं. उठायच्या आधी फळ्या उताराला आडव्या करायच्या, मगच उठायचं. फळ्या उताराच्या दिशेने ठेवून उठलेला माणूस उठता उठताच निघतो, आणि मग त्याचं पुढचं पडणं कुठे होईल ते त्याच्या हातात नसतं. हे सगळं मी अर्ध्या तासात सप्रयोग शिकलो. मग फळ्यांची टोकं पुढे जवळ आणि मागे लांब करून वेग मारायचा, तो स्नोप्लाऊ. चिरंजीव त्याला पिझ्झा म्हणत होते आणि माझ्या शेजारून चौथ्यांदा खाली जात होते.

आणि निवांतपणा? तो दहा मिनिटं टिकला. गावातली सात-आठ पोरं प्लॅस्टिकची पोती घेऊन घसरायला आली आणि मला पाहून पोती बाजूला ठेवून रांगेत बसली. ज्यासाठी गुलमर्ग सोडलं, ते थिएटर इथे उभं राहिलं. मी पडलो. पोरं हसली. माझे कान लाल झाले, थंडीने नव्हे. तेवढ्यात तो शिकवणारा पोरगा पोरं आणि मी यांच्या मध्ये येऊन उभा राहिला, सहज, काही न बोलता, त्यांना पाठ करून. मग खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "अंकलजी, मैं पूरा एक सीझन गिरा हूं."

मी बर्फात तसाच बसून राहिलो. सौ.ला वाटलं, लागलं. लागलं होतंच, पण ते बर्फावर पडून नव्हे.

आमच्या शाखेत त्याच्या दोन महिने आधी एक मुलगी नव्याने लागली होती. लातूरकडची, तेवीस वर्षांची, पहिलीच नोकरी. एक तारीख, पेन्शनचा दिवस, रांग दारापर्यंत. तिने पाच हजारांच्या भरण्याची नोंद पन्नास हजार अशी केली. अधिकाऱ्याने मंजूर करतानाच चूक पकडली. पैसे कुठे गेले नाहीत, कोणाचं काही बिघडलं नाही. पण मी शेजारच्या काउंटरवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अहो मॅडम, शून्य म्हणजे काय घरचं मीठ आहे का, चवीपुरतं टाकायला?"

रांग हसली. विनोदाला दाद मिळाली की माझं भान सुटतं. मी आणखी दोन वाक्यं टाकली. तीही चालली. ती मुलगी काही बोलली नाही. नंतर ती बराच वेळ रेकॉर्ड रूममध्ये होती, आणि तेव्हापासून तिने मला कधीच काही विचारलं नव्हतं. प्रत्येक नोंद ती तीनतीनदा तपासायची. मी घरी येऊन सांगायचो, "नव्या पिढीला वेग नाही."

आता माझ्या त्या चार अटी तिच्या काउंटरला लावून पाहा. उतार : पेन्शनचा दिवस. पायथ्याशी सपाट जागा : नाही. पटाईतांची वाट वेगळी : नाही, पटाईत शेजारीच बसलेला. आणि शिकवणारा शांत डोक्याचा : तो तर मीच. स्वतःला पडायला निवांत जागा मिळावी म्हणून मी हिमालयाचा निम्मा नकाशा तपासला, आणि दुसऱ्याला मात्र भर बाजारात काळ्या चौकटीवर उभं करून मागून ढकलून दिलं.

म्हणाल, बँकेत चुकून कसं चालेल? लोकांचा पैसा आहे. कबूल. चुकीला चूक म्हटलंच पाहिजे. त्या पोरानेही माझ्या एकाही पडण्याला नमस्कार केला नाही. प्रश्न चूक दाखवावी की नाही हा नाहीच. ती दाखवताना आपण त्या माणसाच्या आणि लोकांच्या मध्ये उभं राहतो, की बाजूला सरकून लोकांना नीट दिसेल अशी सोय करतो, एवढाच प्रश्न आहे. आणि हे मला कोणी शिकवलं नव्हतं असंही नाही. नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या रोकडीत हजार रुपये कमी आले होते. आमच्या हेड कॅशियरांनी सगळ्यांना चहाला पिटाळलं, जाळीचं दार ओढून घेतलं आणि माझ्याबरोबर बसून सगळी बंडलं पुन्हा मोजली. शंभराच्या एका बंडलात मी शंभराऐवजी एकशे दहा नोटा बांधल्या होत्या. "हात थरथरत असतील," ते म्हणाले. "माझेही थरथरायचे." ही गोष्ट शाखेत कोणालाही कळली नाही. मलाही ती वीस वर्षांत आठवली नव्हती. आपल्याला मिळालेलं कर्ज माणूस किती सफाईने निर्लेखित करतो!

परत आल्यावर माफी मागायची ठरवली. तिला चहाच्या वेळी बाजूला घेऊन चार शब्द बोलावेत, असा बेत होता. पण मग माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. नावे टाकलं भर रांगेत आणि जमा करायचं चोरून पॅन्ट्रीत? खातं जुळणार कसं? या विचारात मी चार दिवस काढले. खरं सांगायचं तर विचार कमी होता आणि धीर गोळा करणं जास्त होतं.

पाचव्या दिवशी तीच माझ्या टेबलाशी आली. एलएफसीची बिलं तिच्याकडे होती. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, हे पाहून तिने कागद माझ्यापुढे सरकवला, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "सर, टॅक्सीच्या रकमेत एक शून्य जास्त पडलंय वाटतं. दुरुस्त करून देता का? मी अजून पुढे पाठवलेलं नाही."

तिला मीठ आठवलं असणारच. तिने ते काढलं नाही.

पुढच्या एक तारखेला, रांग दारापर्यंत असताना, मी काउंटरवर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मॅडम, दोन-तीन महिन्यांपूर्वी मी तुम्हाला इथेच जे बोललो, ते चुकलं. माफ करा." ती गोंधळली. मान खाली घातली, मग हसली. रांगेत क्षणभर शांतता पसरली. मला वाटलं, आता कोणीतरी डोळे पुसणार.

"ते झालं हो," पुढचे आजोबा म्हणाले, "पण रांग कधी सरकणार?"